बातम्यांना ग्रेड देणारे आमचे इवाई

ये, अशी जवळ सरक. कागदाच्या जवळ, म्हणते मी. दूर धरून वाचशील तर अर्धं सुटेल आणि मग फोन करून विचारशील, "मावशी, म्हणजे नेमकं झालं काय?" दोन दिवाळ्या गेल्या, तू अमरावतीचं तोंड पाहिलं नाहीस. पुण्यात कंपनी मोठी, काम मोठं, सारं कबूल. पण मावशीची खबर तिच्या फोटोखाली अंगठा दाखवून घ्यायची असते का गं? असू दे, रागवून झालं. आता अकोल्याच्या इवायांचं सांगते. व्याह्याला आपल्याकडे इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई. पुण्याच्या पाण्यानं विसरली असशील म्हणून आठवण दिली.

तर आमच्या इवायांना, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यांना, या पृथ्वीच्या पाठीवर कोणीही फसवू शकत नाही. हे ते स्वतः म्हणायचे, अख्खी गल्ली मानायची आणि मीही मानत होते. फक्त त्यांची बायको हे ऐकलं की स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटायची. नोकरी त्यांची कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची. शेतकऱ्यांच्या बंड्या, म्हणजे कापसानं भरलेल्या बैलगाड्या, रांगेनं उभ्या असत आणि कोणता कापूस सुपर, कोणता फेअर, कोणता नापास, हे इवायांनी ठरवायचं. वरवरचा कापूस ते पाहायचेच नाहीत. "वरचा माल दाखवाचा असते, ईनबाई. खरा माल मधात असते." बाही सारून खांद्यापर्यंत हात बंडीच्या पोटात घालायचा, मधला झुबका उपटून काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, मग सरकी दाताखाली फोडून ओल बघायची. एकदा म्हणे असा हात घातला तर आत झोपलेल्या मांजरीनं ओरबाडलं. इवायांनी हाताला रुमाल बांधला आणि बंडी सुपरमध्ये पास केली. मांजर ओल्या कापसात झोपत नाही, हे त्यांचं कारण.

निवृत्त झाल्यावर कापूस गेला, पण अंगठे काही स्वस्थ बसेनात. मग त्यांनी बातम्यांना ग्रेड द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतले लोक आपापले फोन घेऊन यायचे, जसे पूर्वी बंड्या घेऊन येत. "काका, हे खरं आहे का, उद्यापासून नळाला पाणी रोज येणार?" इवाई चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. "ओला माल. वाळला की आठवड्यातून एक डाव येईन." टीव्हीवर आठ माणसं आठ खिडक्यांतून एकाच वेळी ओरडू लागली की ते आधी आवाज बंद करून पाहायचे, मग डोळे मिटून नुसतं ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "निरी सरकी. रुई नाईच याच्यात." म्हणजे नुसतं बी, कापूस नाही. सकाळी एका रंगाचा दुपट्टा घालून घराबाहेर पडलेला पुढारी संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या दुपट्ट्यात हार घेताना दिसला, तेव्हा मी तर तोंडावर हात ठेवला. हे शांत. "फरदड आहे, ईनबाई. एक पीक निघाल्यावर त्याच झाडाले पुन्हा पानी देल्लं की जो कापूस येते ना, तो. दिसते कापसासारखा. धाग्यात जान नसते."

फोनच्या कंपन्यांवर तर त्यांचा विशेष डोळा. नवा फोन घेतला तेव्हा त्यात त्या अटी येतात ना, ज्या कोणी वाचत नाही आणि सगळे 'मान्य' म्हणतात? त्या इवायांनी वाचल्या. पूर्ण. नऊ दिवस लागले. माझ्या लेकीकडून मराठीत सांगून घेत होते आणि वहीत आक्षेप लिहीत होते. एकूण एकोणचाळीस आक्षेप निघाले. नऊ दिवस तो फोन नुसता चार्ज व्हायचा आणि पडून राहायचा. दहाव्या दिवशी त्यांनी मान्यचं बटण दाबलं तेव्हा चेहरा असा होता, जशी एखादी ओली बंडी वरच्या साहेबाच्या दबावानं पास करावी लागली. "फुकट गोदाम देऊन राह्यले, ईनबाई. तुमचे फोटो ठेवा, चिठ्ठ्या ठेवा, पत्ते ठेवा. मी म्हन्तो, फुकट गोदाम कोन देते? ज्याची नजर मालावर असते तो." पुढे एकदा गुडघे दुखतात असं बायकोला सांगितलं आणि तासाभरात फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. झालं! तेव्हापासून घरात काही खासगी बोलायचं असलं की फोन पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवून वर झाकण. आमच्या ईनबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा माहीत नव्हतं. त्यांनी त्याच गंजात वरणासाठी पाणी ओतलं. इवाई फोनला म्हणाले, "तुले कान होते, आता घे आंघोळ," पण दुसऱ्या दिवशी गुपचूप फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेला माझ्या लेकीनं पाहिला.

अशा या माणसानं आयुष्यात एकच कापूस न पाहता घेतला, तो गफूरभाईंचा. गफूरभाई गादीवाले, दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान, चालत दहा मिनिटं. कापूस पिंजणं हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. आता पिंजायला यंत्र आहे, पण टाके अजून हातानं घालतात. चाळीस वर्षं दोघांची दोस्ती. रोज संध्याकाळी दुकान बंद करून गफूरभाई ओट्यावर यायचे, चहा घ्यायचे आणि इवायांच्या ग्रेडवर वाद घालायचे. ओट्यावर त्यांच्याशी वाद घालायची हिंमत तेवढ्या एका माणसात होती. इवायांच्या घरातल्या सातही गाद्या गफूरभाईंच्या हातच्या. भरताना इवाई कधी दुकानात डोकावलेसुद्धा नाहीत. "गफूरच्या पोत्यात मी हात घालू? मंग दोस्ती कायची?" असं म्हणायचे.

आता जे सांगते ते ऐकून माझं जे झालं तेच तुझं होईल. महापालिकेची निवडणूक लागली होती आणि गफूरभाईंची सून अपक्ष उभी होती. पोरगी हुशार, शिकवण्या घेते, नाल्यांवर बोलायची, कचऱ्यावर बोलायची, दुसरं काही नाही. गल्लीतले बरेच लोक तिच्या बाजूनं होते. मी त्या आठवड्यात लेकीकडे अकोल्याला होते. संध्याकाळी ओट्यावर बसून वाल सोलत होते, तेवढ्यात चार-पाच जण लगबगीनं आले आणि एकानं फोन इवायांपुढे धरला. त्यात गफूरभाई. आपल्या दुकानात, आपल्या गादीवर बसलेले. हसत हसत सांगताहेत की या मोहल्ल्याला आपण चाळीस वर्षं चिंध्यांचा भुगा भरून गाद्या विकल्या, यांना कधी कळलं नाही. असे बावळट लोक आहेत, माझ्या सुनेला मत द्या म्हटलं की देतील.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. अगं, तेच डोळे, तीच दाढी, बोलता बोलता खाकरायची तीच सवय. मला बाई, उन्हात उभं राहून थंडी वाजावी तसं झालं.

इवायांनी आवाज बंद करून ती चित्रफीत पाहिली. मग डोळे मिटून ऐकली. मग पुन्हा पाहिली. अकरा वेळा.  गफूरभाईंच्या डाव्या अंगठ्याचं वाकडं नख पाहिलं, त्यांच्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शेवटी फोन परत दिला आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "माल अस्सल आहे. सुपर."

झालं. इवायांनी पास केलं म्हटल्यावर गल्लीत कोण शंका घेणार? दिवे लागायच्या आत सगळीकडे झालं. त्या संध्याकाळी गफूरभाई ओट्यावर आले नाहीत. इवाई जेवले नाहीत. दोस्तानं फसवलं याचं दुःख मोठं, की ग्रेडर चाळीस वर्षं चिंध्यांवर झोपला याची लाज मोठी, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. ईनबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊन विचारून या ना एकडाव." तर हे कडाडले, "डोयानं पाह्यलं ते काय विचाराचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ईनबाईंनी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मी गच्चीवर केस वाळवत बसले होते. इवाई विळा घेऊन वर आले. मला वाटलं, नारळ सोलायचा असेल. त्यांनी पहिल्या गादीपुढे मांडी घातली आणि तिचं पोट उभं फाडलं! मी किंचाळले. "इवाई, अवो हे काय करून राह्यले?" तर म्हणतात, "पुरावा काढतो, ईनबाई. गल्लीपुढे भुगा ओततो त्याचा." बाही सारली, खांद्यापर्यंत हात आत घातला, मधला झुबका ओढून काढला. पांढरा. जुना झालेला, दबलेला, पण स्वच्छ. चिंधीचा रंगीत कण म्हणशील तर एक नाही. त्यांनी तो अंगठ्यांत धरून ओढला. धागा निघतच राहिला. ते बघत राहिले. मग म्हणाले, "ही खास माह्यासाठी चांगली भरली असन," आणि दुसरी फाडली. दुसरीतही तेच. मग तिसरी. ईनबाई धावत वर आल्या तोवर पाचवी उघडी पडली होती, वारा सुटला होता, कापूस शेजारच्या गच्चीवर, तुळशीवर, माझ्या ओल्या केसांत. सहावी पाहुण्यांची. सातवी माझ्यासाठी अंथरायचे ती. सातव्या गादीत हात घातला आणि तो त्यांनी बाहेरच काढला नाही. तसेच बसून राहिले, खांद्यापर्यंत हात आत, आणि डोळ्यांतून पाणी.

ईनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाची मला तशीही धास्तीच आहे. पण त्या दिवशी त्या हळूच बोलल्या, म्हणून जास्त लागलं. "बंडीच्या मधात हात घालनारे तुमी. अन् दोस्ताच्या दुकानात पाय नाई घातला? वरचाच माल पाह्यला ना?"

माझ्या लेकीनं मग आम्हा तिघांना बसवून सांगितलं. आता म्हणे थोडासा आवाज आणि दोन-चार फोटो मिळाले की फोनला सांगून कुणाच्याही तोंडी काहीही घालता येतं. गफूरभाईंनी लग्नसराईत आपल्या गाद्यांची जाहिरात म्हणून एक छोटी चित्रफीत टाकली होती, तेवढी पुरली. कोणी केलं ते आजवर कळलेलं नाही. मी तर गारच झाले. पूर्वी माणसाच्या नावानं कोणी खोटं बोललं तर निदान बोलणाऱ्याचं तोंड वेगळं असायचं गं! हे तर त्याचंच तोंड घेऊन बोलतात.

इवायांनी तात्काळ हातठेला बोलावला. फाटक्या खोळी, चादरींत बांधलेला कापूस, सगळं त्यावर लादलं आणि भर बाजाराच्या वेळी पुढे ते, मागे ईनबाई आणि मी, अशी आमची वरात निघाली. कापूस उडत होता, लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. विचारलं की इवाई थांबून सांगायचे, "माही ग्रेड चुकली. गफूरचा माल साफ आहे. ती चित्रफीत खोटी आहे." दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

गफूरभाई एकटेच बसून गादीला टाके घालत होते. गिऱ्हाईक नाही. यंत्र बंद. लग्नाच्या गाद्यांची सांगितलेली कामं कालच्या संध्याकाळीच लोकांनी फोनवरून रद्द केली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"गफूर," इवाई म्हणाले, "माही चूक झाली."

"कोन्ती?" सुई चालूच.

"मी पास केलं ते."

गफूरभाईंनी दोरा दातानं तोडला. "साहेब, पाह्यलं साऱ्यांनी. विचाराले एक मानूस नाई आला. तुमी बी नाई." मग, जणू आपल्याशीच, "मीनं बी पाह्यलं. मले मोबाईलवर आलं. सोताले पाहून घाबरलो ना जी. एक डाव तर वाटलं, आपनच बोललो काय अन् विसरून गेलो?"

 गफूरभाई उठले, ठेल्याजवळ आले, एक खोळ उचलून उन्हात धरली आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "हे कोनी फाडलं? या अल्ला! विळ्यानं? टाके उसवता येत नव्हते काय? चांगली खोय वाया घातली! चाळीस साल कापसात राह्यले अन् गादी उघडाची अक्कल नाई आली?" इतके मनापासून रागावले की ईनबाईंना हसू फुटलं, मला फुटलं, आणि इवाई मान खाली घालून ते सगळं असं ऐकत होते, जसा प्रसाद घेतात. शेवटी गफूरभाई आमच्याकडे वळून म्हणाले, "बसा ना, ताई. उभ्या काहून? याले राहू द्या उभं."

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण इवायांनी स्वतःची चित्रफीत केली, ओट्यावर उभं राहून, हात जोडून, की मी चुकलो, ते खोटं आहे. खोटी चित्रफीत सकाळपर्यंत पार बाळापूर, मूर्तिजापूरला पोचली होती. यांची खरी चौघांनी पाहिली, त्यात दोनदा मीच. ज्यांनी पहिली सगळ्यांना पाठवली होती त्यांना म्हटलं, आता हीही पाठवा, तर म्हणाले, "जाऊ द्या ना काका, झालं ते झालं." मग लेकीनं कंपनीकडे तक्रार लिहिली, की ही चित्रफीत खोटी आहे, काढा. एका मिनिटात उत्तर आलं, की आम्ही तपासलं, यात आमच्या नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. इवाई त्या फोनकडे बघतच राहिले. टीव्हीवरचा ओरडा, पुढाऱ्यांचे दुपट्टे, कशानंही न हललेला माणूस त्या दिवशी हलला. "एका मिनिटात ग्रेड देल्ली, ईनबाई? मले एका बंडीले पंधरा मिनिटं लागत. अन् देनारा मानूस तरी आहे काय ततं?" तू अशाच कुठल्याशा कंपनीत आहेस म्हणून विचारते, पोरी: असतं का गं तिथे कोणी?

गफूरभाईंची सून निवडणुकीत पडली. थोडक्या मतांनी. गफूरभाई म्हणतात, तुमच्यामुळे नाही पडली, तशीही पडलीच असती. इवाई ऐकून घेतात, मानत नाहीत. लग्नाची कामं काही परत आली, काही नाही. सात गाद्या मात्र गफूरभाईंनी पुन्हा भरून दिल्या, तोच कापूस पिंजून, नव्या खोळीत.

ओट्यावर आता खुर्ची नसते. कोणी फोन घेऊन आलाच तर इवाई म्हणतात, "ज्याची बातमी आहे त्याच्या घरी जाऊन ये. मंग सांग मले." लोक अर्थातच जात नाहीत आणि येतही नाहीत. गफूरभाईंचं संध्याकाळचं येणं त्या दिवसापासून बंद झालं ते झालंच. भांडण नाही, बोलतात दोघं, पण काहीतरी निसटलं. आता इवाईच रोज दुपारी चालत दुकानावर जातात आणि बाहेर स्टुलावर बसतात. गेल्या महिन्यात मीही सोबत गेले होते. नवी रुई आली होती. गफूरभाईंनी पोत्यातून एक झुबका काढला, बराच वेळ हातात धरला, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा इवायांपुढे केला. "पाहा बरं साहेब, कसा आहे?"

इवायांनी तो घेतला. अंगठे आपसूक चिमटीत आलेही. पण ओढला नाही. तसाच तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तू सांग."

 गफूरभाईंनी आत वळून चहा सांगितला. तीन.

म्हणून म्हणते पोरी, लवकर ये. सुट्टी मिळत नाही हे मला ठाऊक आहे, दिवाळीला बघू हेही ठाऊक आहे. पण ते दोघं स्टुलावर बसून काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे मला लिहून सांगता येत नाही. अमरावतीला उतर, एक रात्र माझ्याकडे राहा, सकाळच्या गाडीनं आपण दोघी अकोल्याला जाऊ. मी ईनबाईंना कालच सांगून टाकलंय, तू येणार आहेस म्हणून. आता मला खोटं पाडू नकोस.